हिरव्या डॅशबोर्डमागचे बग

मॉनिटरिंगच्या, म्हणजे मशीनवर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, बगवर लोक चिडतात ते बहुतेक एकाच कारणानं, रात्री अडीचला डिस्क भरली म्हणून फोन वाजतो आणि लॉगिन करून पाहावं तर डिस्क अर्धी रिकामी. हा ताप खराच आहे, पण निदान माणूस उठतो, पाहतो, चरफडतो आणि झोपतो. मला खरी भीती वाटते ती दुसऱ्या जातीच्या बगची. नोड, म्हणजे क्लस्टरमधलं एक मशीन, मेलेला असतो, डिस्क गेलेली असते आणि स्क्रीनवर सगळं हिरवंगार, कुणाला काही पत्ताच नाही, आणि पत्ता लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. गेल्या काही महिन्यांपासून मी एका जुन्या क्लस्टरच्या, म्हणजे एकत्र जोडलेल्या अनेक मशीनच्या, मॉनिटरिंगमधले असेच गप्प बसणारे बग काढून राहिलो आहे. ह्या विषयावर मराठीत वाचायला फारसं मिळत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो, लांब होईल, चहा घेऊन बसा.

आधी थोडं जागेबद्दल. मी मोर्शी तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो, आजूबाजूला संत्र्याचे बगीचे, मधेमधे कपाशी आणि तूर. 2020 च्या लॉकडाउनमध्ये पुण्याहून घरी आलो तो इथंच राहिलो, कंपनी लहान आहे, त्यांना काम झाल्याशी मतलब. क्लस्टर अर्थातच इथं नाही, एका संशोधन संस्थेच्या सर्व्हर रूममध्ये आहे, इथून शेकडो किलोमीटर लांब. त्यावर पीएचडीची पोरंपोरी जॉब चालवतात, कुणाचं रेणूंचं सिम्युलेशन, कुणाचं हवामानाचं मॉडेल, एकेक जॉब आठवडा आठवडा चालतो. सहाव्या दिवशी नोड गेला आणि कुणाच्या लक्षातच आलं नाही तर त्या पोरीचा पूर्ण आठवडा पाण्यात, आणि गाइडसमोर उत्तर तिलाच द्यावं लागते. काम करताना मी हे डोक्यात ठेवतो, नाहीतर काही दिवसांनी ग्राफ म्हणजे नुसत्या रेघा वाटायला लागतात.

आता इकडचं नेट. पावसाळ्यात एकदा लाइन गेली की कधी येईल त्याचा भरवसा नाही, राउटर इन्व्हर्टरवर चालते, फायबर तुटली की मोबाइलचं नेट, आणि टॉवरची बॅटरी उतरली की तेही बंद. म्हणून माझं सगळं काम टीमक्सच्या आत चालते, कनेक्शन तुटलं तरी पलीकडची सेशन जिवंत राहते, आणि लांबच्या मशीनवर लॉगिन करायला नेहमीच्या एसएसएचऐवजी शक्य तिथं मॉश वापरतो, नेट गेलं-आलं तरी ते परत तिथंच जोडून घेते. ग्राफाना ह्या ग्राफ दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचे जड डॅशबोर्ड मोबाइलच्या नेटवर उघडतच नाहीत. त्यामुळे ग्राफ बघायच्या आधी कच्चा डेटा वाचायची सवय लागली, आणि खरं सांगतो, ह्यातले निम्मे बग त्या सवयीमुळेच सापडले.

क्लस्टरवर नजर ठेवायला गँग्लिया आहे. जुनं सॉफ्टवेअर आहे, बर्कलीच्या विद्यापीठात सुरू झालेलं, एका काळात जगातल्या मोठमोठ्या क्लस्टरवर हेच असायचं. प्रत्येक नोडवर जीमॉन्ड नावाचा छोटा डीमन, म्हणजे मागे सतत चालू राहणारा प्रोग्राम, चालतो, तो सीपीयू, मेमरी, नेटवर्कचे आकडे गोळा करून शेजाऱ्यांना पाठवतो, आणि जीमेटाडी नावाचा दुसरा डीमन ते सगळं ओढून आरआरडी नावाच्या आकडे साठवायच्या फाइलींमध्ये लिहितो, त्यावरून ग्राफ निघतात. जीमॉन्डच्या 8649 पोर्टला नेटकॅट ह्या नेटवर्क जोडणाऱ्या कमांडनं नुसतं जोडलं की तो सगळ्या नोडची माहिती एक्सएमएलमध्ये ओकतो आणि कनेक्शन बंद करतो. त्यात प्रत्येक होस्टपुढे टीएन नावाचा आकडा असतो, म्हणजे ह्या नोडचा आवाज ऐकून किती सेकंद झाले, आणि टीएमएक्स, म्हणजे जास्तीत जास्त किती सेकंदांत ऐकू यायला पाहिजे. होस्टसाठी टीएमएक्स 20 असतो आणि टीएन त्याच्या चौपटीच्या वर गेला की वेबपेज त्या नोडला मेलेला धरते, म्हणजे 80 सेकंद. मी ग्रेप, म्हणजे मजकुरात शब्द शोधणारी कमांड, लावून फक्त नोडचं नाव आणि टीएन काढतो, दोन-चार केबीचं काम, अगदी रडतखडत चालणाऱ्या नेटवरही येते. आणि कसं आहे, ग्राफ रंगवून दाखवतो, टीएन काही रंगवत नाही, 3700 म्हणजे 3700, हा नोड तासभरापासून बोललाच नाही.

सगळ्यात वाईट बग मात्र गँग्लियात नव्हता, नॅगिऑसच्या एका स्क्रिप्टमध्ये होता. क्लस्टरवर अलर्टसाठी नॅगिऑस आहे आणि त्याचा नियम साधा आहे, स्क्रिप्ट 0 देऊन संपली तर ओके, 1 म्हणजे वॉर्निंग, 2 म्हणजे क्रिटिकल आणि 3 म्हणजे अननोन. रेड कंट्रोलरच्या, म्हणजे अनेक डिस्क एकत्र सांभाळणाऱ्या कार्डाच्या, डिस्क तपासणारी स्क्रिप्ट फार आधी कुणीतरी लिहून ठेवलेली, चारच ओळींची. कंट्रोलरचं टूल चालवायचं, त्याचं आउटपुट पाइपनं ग्रेप मायनस सी ला द्यायचं, फेल्ड हा शब्द किती ओळींत आला ते मोजायचं, शून्य आलं तर ओके छापून बाहेर पडायचं. वाचताना काहीच खटकत नाही. वर्षानुवर्षं चाललीसुद्धा.

मग ऑपरेटिंग सिस्टिम अपग्रेड झाली आणि ते टूल दुसऱ्या फोल्डरमध्ये गेलं. आता स्क्रिप्टनं टूल बोलावलं की कमांड सापडली नाही असा एरर यायचा, पण तो जायचा स्टँडर्ड एररवर, म्हणजे चुकांच्या वेगळ्या वाटेनं, पाइपमधून ग्रेपकडे काहीच जायचं नाही. काहीच आलं नाही तर फेल्ड शब्द किती वेळा सापडला? शून्य वेळा. ओके, शून्य डिस्क खराब. दर पाच मिनिटांनी, प्रत्येक नोडवर, हिरवं. तिथं सर्व्हर रूममध्ये जे ऑपरेटर दादा आहेत त्यांनी एका रॅकमध्ये डिस्कवर पिवळा दिवा पाहिला आणि फोन केला, "तुमच्याकडे काही दिसतंय का?" माझ्याकडे काहीच दिसत नव्हतं. हातानं टूल चालवून पाहिलं तर त्या नोडची एक डिस्क गेलेली, तिची हुबेहूब प्रत ठेवणारी दुसरी कशीबशी तग धरून, तीही गेली असती तर डेटा संपला होता. मग सगळ्या नोडवर खरं टूल चालवलं आणि आणखी डिस्क सापडल्या.

दुरुस्ती करताना पहिला विचार हाच आला की बॅशमध्ये पाइपफेल चालू करून टाकावं म्हणजे पाइपमधली कुठलीही कमांड पडली तरी कळेल. पण इथं एक गोम आहे. ग्रेपला एकही ओळ सापडली नाही तर तो स्वतःच 1 देऊन संपतो, मायनस सी लावलं तरीही. म्हणजे सगळ्या डिस्क चांगल्या असताना, ग्रेपला फेल्ड सापडलं नाही म्हणून पाइपफेल आरडाओरडा करणार, आणि तो थांबवायला कुणीतरी मागे ऑर ट्रू लावणार, म्हणजे काहीही झालं तरी यशस्वी धर, झालं, परत तिथंच. म्हणून पाइप काढूनच टाकला. आधी टूलचं आउटपुट एका व्हेरिएबलमध्ये घ्यायचं, टूलचा एक्झिट कोड, म्हणजे संपताना त्यानं दिलेला आकडा, लगेच तपासायचा, शून्य नसेल तर 3 देऊन बाहेर. आउटपुट रिकामं असेल तरी 3 देऊन बाहेर. त्याच्यानंतर मोजायचं, आणि मोजायचं तेही उलटं, खराब किती आहेत हे न मोजता ऑनलाइन किती आहेत ते मोजायचं, आणि ह्या नोडवर किती असायला पाहिजेत त्या आकड्याशी ताडायचं. आठ पाहिजेत आणि सात दिसल्या तर क्रिटिकल, आठवी खराब आहे की स्लॉटमधून निघाली की टूललाच दिसली नाही, ते माणूस जाऊन पाहील.

त्या टूलला पुढे टाइमआउटही लावला, कारण कंट्रोलर आजारी असला की टूल लटकून बसते. कधी कधी टाइमआउटचाही उपयोग होत नाही, प्रोसेस कर्नलच्या आत डी स्टेटमध्ये अडकली तर ती सिग्नल ऐकतच नाही. डिस्क किती भरली ते सांगणाऱ्या डीएफ कमांडचं तसंच, एनएफएसचा, म्हणजे नेटवर्कवरून वापरायच्या डिस्कचा, सर्व्हर गेला की डीएफ अडकतो आणि डिस्क तपासणाऱ्या स्क्रिप्टांची रांग लागते. तिथं डीएफला मायनस एल देऊन फक्त लोकल डिस्क पाहायला सांगितलं आणि एनएफएससाठी वेगळी तपासणी केली.

एवढं करून अननोनचा अलर्ट काही येईना. शोधलं तर नॅगिऑसच्या नोटिफिकेशनच्या सेटिंगमधून यू हे अक्षर कुणीतरी काढून टाकलेलं, म्हणजे वॉर्निंग पाठव, क्रिटिकल पाठव, अननोन पाठवू नको. अननोन लय यायचे, कटकट व्हायची, म्हणून काढलं असणार. मी ते परत टाकलं आणि पहिल्या रात्री अलर्टचा नुसता पूर आला. सगळे खरे होते. परवानगी नसलेल्या स्क्रिप्टा, गायब टूलं, चुकीचे पाथ. टीममधल्या एकानं विचारलं की एवढे अलर्ट आल्यावर झोपायचं कधी, आणि त्याचं बरोबरच होतं, म्हणून एकेक कारण खोदून बंद करत गेलो आणि आता अननोन क्वचित येतो, आला की कुणीतरी उठून पाहते.

आता गँग्लियातला एक बग सांगतो, माझा सगळ्यात जास्त जीव ह्याच्यात गुंतला. एका नोडचा महिन्याचा नेटवर्क ग्राफ पाहिला तर पूर्ण सपाट रेघ आणि मध्येच एक सुई, सेकंदाला शेकडो पेटाबाइट. नोडला 10 गिगाबिटची लिंक आहे, त्यातून सेकंदाला फार तर सव्वा गिगाबाइट जाऊ शकते. शेकडो पेटाबाइट कुठून येणार? पण ग्राफनं त्या सुईच्या उंचीला साजेसं माप घेतलं आणि बाकीची सगळी खरी वाहतूक जमिनीला टेकली. म्हणजे एका खोट्या आकड्यानं महिनाभराचे खरे आकडे झाकून टाकले. बघणाऱ्याला वाटेल नोड महिनाभर रिकामा होता.

कारण कोडमध्ये आहे. लिनक्समध्ये प्रोक-नेट-डेव्ह फाइलीत प्रत्येक नेटवर्क कार्डवरून आतापर्यंत किती बाइट आल्या-गेल्या त्याचा काउंटर असतो, तो वाढतच जातो. जीमॉन्ड साधारण दर 40 सेकंदांनी तो वाचतो, मागचा आकडा वजा करतो आणि वेळेनं भागतो. नवा आकडा मागच्यापेक्षा लहान आला तर? कोड असं धरतो की काउंटर भरून परत शून्यापासून सुरू झाला, म्हणून कमाल आकड्यातून मागचा वजा करून त्यात नवा मिळवतो. जुन्या काळात हे बरोबर होतं. 32 बिटचा काउंटर 4294967296 वर भरतो आणि 1 गिगाबिटची लिंक पूर्ण वेगानं चालली तर तेवढ्या बाइट साधारण 34 सेकंदांत संपतात, तेव्हा काउंटर भरणं हे रोजचंच होतं, उलट 40 सेकंदांत तो एकदा भरून पुढेही निघून जाऊ शकत होता.

पण आता मशीन 64 बिटचं आहे. 64 बिटचा काउंटर 10 गिगाबिटच्या लिंकवर पूर्ण वेगानं चालवला तरी भरायला साडेचारशेच्या वर वर्षं लागतात. तो भरून शून्यावर आला असं होणारच नाही. आकडा कमी झाला ह्याचा अर्थ एकच, ड्रायव्हर परत लोड झाला किंवा कार्ड काढून घातलं आणि काउंटर नव्यानं सुरू झाला. कोड मात्र अजून जुन्याच समजुतीवर हिशोब करतो, 18 वर 18 शून्यं एवढ्या मोठ्या आकड्याला 40 नं भागतो आणि सुई उभी राहते. ह्या सुया गँग्लियात जुन्याच आहेत, सोर्समध्ये बोगस स्पाइक काढून टाकायची एक सोयसुद्धा आहे, कंपाइल करताना चालू करावी लागते, ती आकडा अवाच्या सवा मोठा असला तर फेकून देते. मला ते पुरेसं वाटलं नाही. लक्षण पाहून फेकण्यापेक्षा कारणच ओळखायला पाहिजे. मी आमच्या ब्रँचमध्ये, म्हणजे कोडच्या आमच्या प्रतीत, एवढंच केलं, 64 बिटवर काउंटर मागे गेला की त्या कार्डाचा तो एक नमुना हिशोबात घ्यायचा नाही, नवा आकडा आधार म्हणून लक्षात ठेवायचा, पुढच्या वेळेपासून वजाबाकी सुरू, आणि लॉगमध्ये एक ओळ की अमुक कार्डाचा काउंटर मागे गेला. ती लॉगमधली ओळ नंतर फार कामाची ठरली, कारण एकाच नोडवर ती वारंवार यायला लागली आणि कार्डच खराब निघालं. म्हणजे आधी ज्या सुया लोक वैतागून दुर्लक्षित करायचे त्यातल्या काही खऱ्या बिघाडाच्या खुणा होत्या.

पॅच लावून नवीन सुया थांबल्या पण जुन्या फाइलीत राहिल्याच. आरआरडी फाइल ठरलेल्या आकाराची असते, जुने आकडे सरासरी करून मोठ्या मोठ्या टप्प्यांत ठेवते, वर्षाच्या ग्राफसाठी एका दिवसाची एक सरासरी, अशा 374 ओळी. म्हणजे एक सुई त्या दिवसाच्या सरासरीत शिरली की वर्षभर ग्राफवरून हटत नाही. काढायची कशी, तर आधी जीमेटाडी थांबवायचा, आरआरडीटूलच्या डम्पनं फाइल एक्सएमएलमध्ये काढायची, त्यात तो राक्षसी आकडा शोधून त्या जागी नॅन लिहायचं आणि रिस्टोअरनं परत फाइल बनवायची. नॅन म्हणजे माहीत नाही. शून्य लिहू नका, शून्य लिहिलं तर तेव्हा वाहतूक नव्हती असं होईल, आणि ते खोटं आहे. रिस्टोअर रूट म्हणून केलं असेल तर फाइलीचा मालकही परत बदलायचा, नाहीतर जीमेटाडीला त्या फाइलीत लिहिताच येत नाही आणि ग्राफ तिथून पुढे कोरा. मग ट्यून कमांडनं त्या फाइलीला कमाल मर्यादा लावून टाकायची, गँग्लिया फाइल बनवताना कमाल-किमान दोन्ही मोकळं सोडते. मर्यादेच्या वरचा आकडा आला की आरआरडीटूल आपोआप त्याला माहीत नाही म्हणून धरते. हे सगळं मी स्क्रिप्टमध्ये घालून रात्रभर चालवलं, टीमक्समध्येच, कारण त्या रात्री आमच्याकडे वारं-वादळ होतं आणि लाइन नऊलाच गेली होती.

मधे आमच्या शेजारचे काकाजी येऊन बसले होते, त्यांच्याशी झालेलं बोलणं इथं सांगितल्याशिवाय राहवत नाही. एका रात्री लय पाऊस झाला, नाल्याला पूर आला, धुरे फुटले, बगीच्यात कमरेएवढं पाणी. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर अतिवृष्टी धरतात आणि पंचनाम्याचं, मदतीचं पुढे सरकते, पण आमच्या मंडळातल्या पाऊस मोजायच्या मशीननं शून्य नोंदवला. काकाजी म्हणाले, "माह्या वावरातली माती वाहून गेली अन् थे मशीन म्हनते पाऊसच नाई पडला. आता मले सांग, तू कंप्युटरवाला, मशीन खोटं कायले बोलीन?" मी त्यांना सांगितलं की काकाजी, मशीनच्या फनेलमध्ये पाला अडकला असेल, आत एक छोटी वाटी असते, ठराविक पाणी साचलं की ती कलंडते आणि एक मोजणी होते, वरून पाणीच आलं नाही तर वाटी कलंडत नाही आणि मशीन इमानदारीनं शून्य पाठवते. ते बराच वेळ विचार करत बसले आणि म्हणाले, "मंग त्यानं शून्य नाई सांगाव, माहीत नाई म्हनून सांगाव." मी काही त्यांना नॅन समजावून सांगितलं नव्हतं. आजूबाजूच्या मंडळांमध्ये धो धो पाऊस आणि मधल्या एकाच मंडळात शून्य, हे पाहूनच यंत्रणेनं तो आकडा बाजूला काढून माणूस पाठवला पाहिजे, ही तपासणी प्रोग्राममध्ये लिहायला दहा-वीस ओळी पुरतात. त्यांच्या मदतीचा प्रश्न अजून सुटला नाही. ते अर्ज करून राहिले, आणि अर्जासोबत शेजारच्या मंडळांचे आकडे लावायला मी मदत करून राहिलो.

तर परत क्लस्टरवर येतो. तिथंही हेच दुसऱ्या रूपात होतं. गँग्लियाच्या पहिल्या पानावर अख्ख्या क्लस्टरचा एकत्रित लोड दिसतो, सगळ्या नोडची बेरीज. एक दिवस तो लोड मस्त खाली आला, संस्थेतल्या लोकांना वाटलं जॉब लवकर संपले. झालं होतं असं की एका रॅकचं स्विच गेलं होतं, त्यातले नोड बेरजेतून गळाले म्हणून बेरीज कमी. आरआरडीच्या त्या एकत्रित फाइलीत दोन आकडे असतात, सम आणि नम, बेरीज आणि किती नोडची बेरीज. नम तिथं लिहिलेला असतो आणि फारसं कुणी पाहत नाही. मी पानावर नमचा ग्राफ बेरजेच्या अगदी डोक्यावर आणून ठेवला आणि नॅगिऑसमध्ये त्यावर अलर्ट लावला, जॉब नोडना वाटून देणाऱ्या शेड्युलरच्या यादीत जेवढे नोड आहेत त्याच्याशी ताडून. गँग्लियाला स्वतःला विचारून उपयोग नाही, कारण जो नोड गँग्लियाला कधी दिसलाच नाही त्याची अनुपस्थिती गँग्लिया कशी सांगणार.

मेटाडेटाचा बग थोडक्यात सांगतो, अनेकांना तो चावलेला आहे. गँग्लिया 3.1 पासून जीमॉन्ड आकडा वेगळा पाठवतो आणि त्या आकड्याची माहिती, म्हणजे नाव, एकक वगैरे, वेगळी पाठवतो. मल्टिकास्ट, म्हणजे एकाचं बोलणं सगळ्यांना ऐकू जायची पद्धत, असेल तर नवीन ऐकणारा ती माहिती मागून घेऊ शकतो, पण युनिकास्ट, म्हणजे एकालाच पाठवायची पद्धत, असेल तर पाठवणारा नोड कुणाचं ऐकतच नसतो. त्यामुळे गोळा करणारा जीमॉन्ड रीस्टार्ट झाला की आकडे येत राहतात पण कशाचे ते त्याला कळत नाही, तो टाकून देतो, आणि ग्राफ कोरे. लोक सगळ्या नोडवर जीमॉन्ड रीस्टार्ट करत बसतात. सेंड मेटाडेटा इंटरव्हल ही सेटिंग शून्य असते, ती 30 किंवा 60 करा, दर तेवढ्या सेकंदांनी माहिती पुन्हा जाईल, विषय संपला.

आता नवीन नोडसाठी आम्ही हळूहळू प्रोमिथियस ह्या मॉनिटरिंगच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर चाललो. 2012 मध्ये साउंडक्लाउड कंपनीत सुरू झालेलं, आज जिकडेतिकडे आहे, आणि मनापासून आवडलं मला. काउंटर खाली आला की प्रोमिथियसचं रेट फंक्शन तो रीसेट झाला असंच धरते, त्यामुळे तसल्या सुया उगवत नाहीत. फक्त आधी प्रत्येक नोडचा रेट काढायचा आणि मग बेरीज करायची, आधी बेरीज करून त्यावर रेट लावला तर एक नोड रीस्टार्ट झाल्याबरोबर अख्ख्या बेरजेचा गोंधळ होतो. पण गप्प बसायचा रोग इथंही आहे. अलर्टच्या नियमाला उत्तरच रिकामं आलं तर प्रोमिथियस अलर्ट देत नाही, त्याच्या दृष्टीनं अट पूर्ण झाली नाही. तापमान 85 च्या वर गेलं तर सांग असा नियम आहे आणि तापमान पाठवणारा एक्सपोर्टर बंद पडला, तर 85 च्या वर काहीच नाही, सगळं शांत. टार्गेट, म्हणजे ज्याचे आकडे घ्यायचे ते मशीन, यादीत असेल तर अप नावाचा आकडा 0 होतो, तो धरता येतो, पण यादी बनवणाऱ्या स्क्रिप्टनं नोडच गाळला तर अपसुद्धा नाहीसा होतो. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या नियमाला एक जोडीदार नियम लिहिला, अ‍ॅबसेंट वापरून किंवा नोडची संख्या मोजून, की हा आकडा येतच नसेल तर ओरड.

आणि अलर्ट पाठवणारी यंत्रणाच मेली तर? त्यासाठी कुबरनेटीस (अनेक मशीनवर प्रोग्राम चालवायची यंत्रणा) वापरणाऱ्यांकडे वॉचडॉग नावाचा अलर्ट असतो, तो कायम पेटलेलाच असतो, आणि तो यायचा थांबला की बाहेरचं कुणीतरी बोंब मारते. तसा एक मी लावला. बाहेरचं मशीन वेगळ्या डेटा सेंटरमध्ये घेतलं, स्वस्तातला एक छोटा सर्व्हर. आधी घरच्या जुन्या लॅपटॉपवर ठेवायचा विचार होता पण इथं लाइनचं काही खरं नाही, पावसाळाभर खोटे अलर्ट आले असते आणि लोकांनी ते बघणं सोडलं असतं.

अजून काम बाकी आहे. नॅगिऑसच्या सगळ्या जुन्या स्क्रिप्टा झाल्या नाहीत, पंख्यांची आणि पॉवर सप्लायची तपासणी अजून त्याच ग्रेपच्या पद्धतीनं चालते, पुढच्या आठवड्यात त्या धरतो. प्रत्येक स्क्रिप्टची एकच परीक्षा घेतो. तपासणारी जी कमांड आहे तिच्या नावात मुद्दाम एक अक्षर चुकीचं टाकायचं आणि स्क्रिप्ट चालवायची. मग आउटपुट रिकामं देणारी नकली कमांड ठेवून चालवायची, मग कधीच न संपणारी ठेवून. तिन्ही वेळा अननोन किंवा क्रिटिकल आलं तर स्क्रिप्ट पास. तुमच्याकडे असं काही चालू असेल तर आज एका स्क्रिप्टवर करून बघा, पाच मिनिटं लागत नाहीत, आणि ओके आलं तर त्या मशीनमध्ये हातानं लॉगिन करून डिस्क पाहून घ्या.